मॅग्नेशियमचा हिरवा उजेड

सरांच्या खोलीत पांढरे कपडे घालून जायला बंदी होती. कलकत्त्यात, जिथे निम्मे प्राध्यापक पांढऱ्याशुभ्र धोतर-झब्ब्यात कॉलेजात येत, तिथे ही बंदी म्हणजे निम्म्या खात्याला दार बंद. आमचे खातेप्रमुख एकदा कसल्याशा कागदावर सही हवी म्हणून तरातरा आत शिरले. नेमका तेव्हा सरांचा दिवा लागलेला होता. हा दिवा साधा नव्हे. जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा उजेड टाकणारा. त्याच्याखाली प्रमुखांचं धोतर निळंपांढरं झळाळून उठलं आणि अंधारात नुसतं धोतरच चालत आल्यासारखं दिसू लागलं. सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या धोब्यानं नवी पावडर आणलेली दिसते. तिच्यात सफेदीसाठी जे घालतात ना, ते चमकतंय हे. माझा रेणू जन्मभर धडपडला तरी एवढा उजळायचा नाही. कृपा करून बाहेर उभे राहा, मी सही करून आणून देतो." त्यानंतर दाराबाहेरच्या खिळ्याला एक तपकिरी शाल कायमची लटकली. ज्याला आत यायचं असेल त्यानं ती पांघरून यायचं, मे महिन्यातसुद्धा. सरांचा स्वतःचा कोट कॉफीच्या रंगाचा होता आणि तो फक्त रिठ्यानं धुतला जाई.

ही खोली म्हणजे जिन्याखालची, पूर्वी कोळसा साठवायची जागा. खिडकी नाही. सर म्हणत, ती मी मागून घेतली. बाकीचे म्हणत, ती त्यांना शिक्षा म्हणून दिली. मला वाटतं दोन्ही खरं असावं.

मी तिथे पोचले ती आईमुळे. माझे वडील रेल्वेत, गार्डन रीचच्या मोठ्या कचेरीत बदली होऊन आलेले. मी रसायनात एम.एस्सी. झाले होते आणि पुढे संशोधन करायचं म्हणत घरी बसले होते. मराठी मंडळाच्या गणपतीत आईला एक गृहस्थ दिसले. हातातलं तीर्थ न पिता ते खिडकीशी नेऊन उजेडात निरखत होते. कोणीतरी सांगितलं, हे कॉलेजात रसायन शिकवतात, यांच्या आजोबांपासून इथलेच आहेत. आई थेट जाऊन म्हणाली, "माझ्या मुलीला पीएच.डी. करायची आहे." गृहस्थांनी पेला खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पांढरं नेसते का?"

आईनं ते भलत्याच अर्थानं घेतलं. सणासुदीच्या दिवशी, गणपतीसमोर, लग्नाच्या मुलीबद्दल असं विचारणं! मंडळाच्या चिटणीसांना मध्ये पडावं लागलं. सरांना आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते आपले पावडरीचं रसायन समजावून सांगत राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून मी गडद हिरवी साडी नेसून त्या कोळशाच्या खोलीत जाऊ लागले.

आईनं नंतर मोठ्या मनानं त्यांना जेवायला बोलावलं. सर आले ते बगलेत एक लाकडी पेटी घेऊन. जेवण होईपर्यंत सभ्यपणे वागले. मग म्हणाले, "वहिनी, हळद जरा दाखवाल?" चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून त्यांनी पेटीत ठेवली आणि पेटीतला लहान दिवा लावला. आम्ही एकेकानं भोकाला डोळा लावून पाहिलं. खरी हळद असेल तर छान हिरवटपिवळी उजळते म्हणे. आमची उजळली, पण आजारी माणसासारखी. "निम्मी हळद आहे," सर आनंदानं म्हणाले, "निम्मं काय आहे ते शोधायला हवं!" आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते गेल्यावर म्हणाली, "जेवायला बोलावलं होतं, झडती घ्यायला नव्हे." पण दुसऱ्याच दिवशी तिनं वाणी बदलला.

सरांचं मराठी शुद्ध होतं, फक्त जन्मभर बंगालीच्या शेजारी राहिल्यामुळे ते अधूनमधून "पाणी खाणार का?" असं विचारत. वर्गात ते इंग्रजी बोलत, जिन्यावर बंगाली, आणि दिवा घालवून खोलीचं दार लावलं की मराठी. अंधारात आईची भाषा सुचते, असं त्यांचं म्हणणं होतं. डमडमला दोन खोल्यांत एकटे राहत. लग्न का केलं नाही, असं विचारायची आमची हिंमत नव्हती, पण एका बंगाली सहकाऱ्यानं विचारलंच, तेव्हा म्हणाले होते, "एकदा मुलगी पाहायला गेलो होतो. तिच्या नथीतल्या मोत्याबद्दल जास्त विचारलं."

आता ते करत काय, हे सांगायला हवं. पाण्यात एखादा धातू विरघळलेला असेल तर तो दिसत नाही. जस्त असो, मॅग्नेशियम असो, पाणी आपलं पाण्यासारखंच. सर असे रेणू घडवत की जे त्या पाण्यात टाकले आणि दिवा धरला की धातू असेल तर उजळावेत, नसेल तर गप्प बसावेत. मी पहिल्या दिवशी विचारलं, धातू आला की रेणू का उजळतो? सर म्हणाले, "रिकाम्या हाताचा माणूस चुळबुळ करतो की नाही? पाय हलवतो, बोटं मोडतो, सगळी शक्ती त्यात जाते. त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी धरायला द्या, तो स्थिर होतो. रेणूचंही तेच. दिव्यानं दिलेली शक्ती तो चुळबुळीत घालवतो. दोन्ही हातांनी धातू धरला की चुळबुळ थांबते, मग ती शक्ती उजेड होऊन बाहेर पडते." मी पुढे तीस वर्षं शिकवलं, याहून बरं मला सांगता आलं नाही.

आणि आम्लाचा घोळ वेगळाच. पाणी जरा आंबट झालं की आम्लातला हायड्रोजन रेणूच्या हातात आधीच जाऊन बसतो. सर म्हणत, ट्राममध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारे लोक असतात ना, ते हे. धातू बिचारा रांगेनं चढतो आणि उभाच राहतो. म्हणून आमची अर्धी मेहनत पाण्याची आंबटता नेमकी राखण्यात जायची, आणि उरलेली अर्धी, राखली आहे याची खात्री करण्यात.

रेणूच्या आकृत्या विलायतेहून प्लास्टिकच्या मिळत, पण त्या मागवणार कोण? सरांनी त्यावर तोड काढली होती. उत्तर कलकत्त्यात लग्नाचे मुकुट करणारे कारागीर असतात. बंगाली ज्याला शोला म्हणतात त्या आपल्या हलक्या, पांढऱ्या भेंडाचे. त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडून सर पांढरे गोळे कोरून घेत आणि बांबूच्या काड्यांनी जोडत. मी पहिल्यांदा बरोबर गेले तेव्हा म्हाताऱ्यानं एक नवी आकृती पुढे केली. मधल्या गोळ्यावर त्यानं आपल्या मनानं रुपेरी जरी चिकटवली होती. सर म्हणाले, हे कशाला? म्हातारा म्हणाला, "बाबू, बाकीचे सगळे हात धरून याच्या भोवती उभे आहेत. म्हणजे नवरदेव हाच ना?" सरांना हे इतकं पटलं की पुढे आमच्या खोलीत सगळ्या धातूंना जरी लागली. छताला टांगलेल्या त्या पन्नासेक आकृत्या पाहून बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं खरंच विचारलं होतं, लग्न कोणाचं आहे म्हणून.

पण सरांचा खरा सोवळेपणा होता तो कोरीच्या बाबतीत. धातू सोडून बाकी सगळं जिच्यात घातलं आहे ती कुपी म्हणजे कोरी. आधी कोरी पाहायची, ती अंधारी आहे याची खात्री करायची, मगच धातूची कुपी दिव्याखाली धरायची. ही कोरी रोज सकाळी ताजी करावी लागे. कालची चालत नसे. मी एकदा कंटाळून आदल्या दिवशीची वापरली तर सरांनी वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "शिळी आहे." कुपीला कसला वास येणार! पण ओळखलं खरं. त्या दिवशीची माझी सगळी निरीक्षणं त्यांनी वहीत एका तिरक्या रेघेनं खोडली.

अशा माणसाला आयुष्यात काय मिळालं, तर एक तळटीप. रसायनपृथक्करणाचा एक जाडजूड विलायती ग्रंथ आहे. त्यात मॅग्नेशियमच्या प्रकरणात, पानाच्या तळाशी, बारीक टाइपात सरांच्या नावानं एक रिएजंट, म्हणजे धातू ओळखायचा रेणू, दिलेला होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तो रेणू याच कोळशाच्या खोलीत केला होता. मॅग्नेशियम आलं की हिरवा उजेड देतो. सरांनी मला ते पान कधी दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती. आमच्या खोलीतली प्रत कशीही हातात घेतली तरी तिथेच उघडे. सर पंचावन्नच्या पुढे होते. प्रोफेसरची एक जागा रिकामी झाली होती, मुलाखत दोन महिन्यांवर होती आणि निवृत्तीआधीची ती त्यांची शेवटची संधी होती. खातेप्रमुख, ज्यांच्या धोतराचा अपमान झाला होता तेच, भले गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना सांग, समितीसमोर हळदीच्या गोष्टी नकोत. तो मॅग्नेशियमचा रिएजंट सांगा. पुस्तकात नाव असलेला या कॉलेजात दुसरा कोणी नाही."

माझ्या प्रबंधासाठी मी मॅग्नेशियमचाच एक नवा रेणू केला होता. तो सरांच्या रेणूपेक्षा बरा की वाईट, हे दाखवायला दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तपासायचे होते. काम अगदी सोपं. सरांची मॅग्नेशियमची मोठी बाटली रबरी बुचाची, नेहमी कपाटात असे. अमोनिया घालून तयार केलेलं ते पाणी चार-चार महिने पुरायचं. ती बाटली त्या दिवशी संपली होती. म्हणून मी तसंच नवं मॅग्नेशियमचं पाणी केलं आणि काचेच्या बुचाच्या कुपीत भरलं. सरांचा रेणू घातला. दिवा लावला.

काही नाही. कोरीइतकंच काळं.

माझंच चुकलं असणार म्हणून मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. दुसऱ्या बाटलीतला क्षार घेऊन केलं. अंधार. मग संपलेल्या जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेले चार थेंब घेतले, तर लख्ख हिरवा उजेड! दोन्ही मॅग्नेशियमच, फरक फक्त बुचाचा. मी जुन्या बुचाचा नखाएवढा तुकडा कापला, दोरा बांधून नव्या कुपीत सोडला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुपी हिरवी झाली होती.

रबर पक्कं करायला त्यात जस्ताची पूड घालतात. अमोनियाचं पाणी ते जस्त हळूहळू ओढून घेतं. सरांचा रेणू वीस वर्षं मॅग्नेशियमला नव्हे, बुचातल्या जस्ताला ओळखत होता. आणि हे त्यांना कधीच कळलं नाही, कारण कोरी रोज सकाळी ताजी होत होती. तिला रबरातलं जस्त ओढायला वेळच मिळत नव्हता. तुलनेसाठी बाकीचे धातू एकेकदाच लागले. त्या दिवशी केले, त्या दिवशी फेकले. शिळं होतं ते एकटं मॅग्नेशियम. निष्काळजी माणसानं कोरीही त्याच शिळ्या पाण्यात केली असती, आणि ती उजळून त्याला सावध करून गेली असती. सर फसले ते त्यांच्या काटेकोरपणामुळे.

मी काय केलं, ते सांगायला आजही बरं वाटत नाही. मी गप्प बसले. वहीत लिहिलं नाही, सुट्या कागदांवर लिहून कागद पर्समध्ये ठेवले. मुलाखत होऊन जाऊ दे, मग पाहू, असं ठरवलं. तुलनेचं काय झालं, असं सरांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, क्षार शुद्ध नाही, नवा मागवलाय. सर म्हणाले, "बरं केलंस. शुद्धच हवा." मला रात्री जेवण जाईना. आईला वाटलं, वडिलांची पुन्हा बदली होणार या बातमीनं मी खचले आहे.

सतरा दिवस असे गेले. दोऱ्याला बांधलेल्या तुकड्याची ती कुपी मी कपाटात मागे लपवली होती. त्या काळात कलकत्त्यात दिवसातून दोनदा तरी वीज जायची. ऊन असलं की सर काळ्या-जांभळ्या काचेची पेटी घेऊन गच्चीवर जात आणि काळं फडकं डोक्यावर ओढून उन्हातच काम करत. पोरं जिन्यातून हसत. पण तो आषाढ होता, ऊन नव्हतं. त्या दुपारी गेलेली वीज आली तसे सर हातातला दिवा लावून उगाच खोलीभर फिरू लागले. हा त्यांचा छंदच होता. भिंत, टेबल, आपली नखं, जे दिसेल त्यावर दिवा धरायचा. धरता धरता कपाट उघडलं. मागच्या बाजूला, कुपीत, दोऱ्याला लटकलेल्या तुकड्याभोवती हिरवं तेज होतं.

"हे काय आहे गं?" सरांनी विचारलं. आवाजात नुसतं कुतूहल होतं.

मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, पर्समधले कागद काढून दिले. सर दिव्याखाली वाचायला लागले आणि तेवढ्यात पुन्हा वीज गेली.

खिडकी नसलेल्या खोलीत वीज जाणं म्हणजे काय, ते तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. सर कुठे आहेत हेसुद्धा मला दिसत नव्हतं. अंधारातून त्यांचा आवाज आला, "हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"सतरा दिवस."

"मुलाखतीपर्यंत सांगायचं नव्हतंस."

"नाही."

"माझी दया आली."

सर एकदम ओरडले. तीन वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "सतरा दिवस मी चुकीचा माणूस म्हणून तुझ्यासमोर बसून चहा प्यायलो, आणि तुला ठाऊक होतं! मी परवा वर्गात पोरांना तोच रेणू शिकवला. तू मागे बसली होतीस. हात वर करता आला नाही तुला?"

मी रडायला लागले. सरांनी रडू दिलं. समजूत काढणं त्यांना येत नसे. बाहेर जिन्यावरून मुलं खाली गेली, एका वर्गाची घंटा झाली. मग अंधारातून पुन्हा आवाज आला, पण आता निराळाच.

"तुकडा केवढा होता?"

"नखाएवढा."

"कुठल्या बोटाच्या?"

"करंगळीच्या."

"करंगळीच्या! आणि एका दिवसात एवढं? मग माझ्या बाटल्या तर चार-चार महिने..." आणि सर हसायला लागले. हुंदका की हसू, असं क्षणभर वाटलं, पण हसूच होतं. "अगं, मी त्या निबंधात काय लिहिलंय ठाऊक आहे? जस्त असेल तर अडथळा येतो, ते आधी काढून टाकावं. ज्याला अडथळा म्हणून मांडवाबाहेर काढलं तोच नवरा निघाला की!"

वीज आली तेव्हा ते कागद घेऊन लिहायला बसलेले होते. विलायतेच्या त्या मासिकाला अर्ध्या पानाची दुरुस्ती. मी हात जोडून म्हटलं, सर, मुलाखतीनंतर पाठवा, दीड महिन्यानं काय बिघडतं? वीस वर्षं थांबलं ते आणखी थोडं थांबेल. सरांनी वरही पाहिलं नाही. दुरुस्तीवर माझं नाव आधी होतं, त्यांचं नंतर. ते बदला म्हटलं, तर म्हणाले, "उजेड तू पाहिलास. मी फक्त चुकलो." संध्याकाळी टपालपेटीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. पाकीट आत पडल्यावर त्यांनी पेटीवर वरून एक थाप मारली.

पुढचे दोन महिने सरांना रबराचं वेड लागलं. चपलेचा पट्टा, सायकलची ट्यूब, शेकायची पिशवी, औषधाच्या ड्रॉपरची टोपी, सगळं नखाएवढं कापून कुप्यांत लटकलं. एका औषधाच्या दुकानातून त्यांनी तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटलीची सहा रबरी बुचं घेतली. दुकानदारानं तोंडभरून अभिनंदन केलं आणि सरांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

मुलाखतीत काय झालं ते खातेप्रमुखांनी आम्हाला कपाळाला हात लावून सांगितलं. समितीनं विचारलं, आपल्या संशोधनातलं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं? समितीतले दोघे ते पुस्तक वाचलेले होते, उत्तर त्यांना माहीत होतं, नुसतं तोंडातून यायचं होतं. सर म्हणाले, "माझी चूक." आणि वीस मिनिटं ती समजावून सांगितली, बुचाच्या तुकड्यासकट. "फळ्यावर चित्र काढलं हो," प्रमुख म्हणाले, "बुचाचं!" जागा दुसऱ्याला मिळाली. मला सरांसमोर जायचं धैर्य होईना. गेले तेव्हा सर म्हणाले, "ये ये. शेकायच्या पिशवीत सगळ्यांत जास्त निघालं." मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का?" सर कुपीकडे पाहत म्हणाले, "वाटतं ना. रोज सकाळी वाटतं. मग कोरी करायला घेतो." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मी पिशवीचे आकडे वहीत लिहू लागले.

वडिलांची बदली बिलासपूरला झाली. मी प्रबंध संपेपर्यंत मागे राहिले. दुरुस्ती छापून यायला वर्ष लागलं. अर्धं पानही नाही, दोन जाहिरातींच्या मध्ये. सर म्हणाले, "हे कोणी वाचणार नाही. लोक पुस्तक वाचतात." आणि त्या ग्रंथाच्या कलकत्त्यात किती प्रती आहेत याची त्यांनी चौकशी सुरू केली. चार निघाल्या; प्रत्येकीत तळटिपेखाली दुरुस्ती लिहायची होती. एक आमची. दोन कॉलेजांत ओळखीनं काम झालं. चौथी शहरातल्या एका जुन्या, मोठ्या ग्रंथालयात होती. तिथे ओळख कोणाचीच नव्हती, आणि दारातच पेन काढून घेत. आत फक्त पेन्सिल.

आम्ही पुस्तक मागवलं, पान काढलं. सरांनी तळटिपेतल्या आपल्या नावाखाली पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली आणि तेवढ्यात ग्रंथपाल मागे येऊन उभे राहिले. वयस्क, जाड भिंगांचा चष्मा, आवाज खालचा पण सुरीसारखा. बंगालीत म्हणाले, "पुस्तकावर लिहिता? या वयात?"

सर उठून उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखे लाल झाले होते. म्हणाले, "इथे चूक आहे."

"चूक असेल तर लेखकाला कळवा. प्रत्येक जण आपल्याला वाटेल ते खोडू लागला तर पुस्तकात राहील काय? तुम्ही कोण?"

सरांनी पानावर बोट ठेवलं. "हा मी."

ग्रंथपालांनी वाकून नाव वाचलं, मग त्या कॉफीच्या रंगाच्या कोटाकडे पाहिलं. "हे कोणीही म्हणेल," ते म्हणाले. "आपलं नाव छापलेलं आहे ते कोण खोडायला येतो?" सरांनी खिसे चाचपले. ओळखपत्र वगैरे त्यांच्याजवळ कधीच नसे. ते माझ्याकडे पाहायला लागले. मग मीच म्हटलं, "हेच ते. मी यांची विद्यार्थिनी. चूक यांची आहे, मी शोधली आहे." इतक्या अभिमानानं मी आयुष्यात कोणाची ओळख करून दिलेली नाही. छापील दुरुस्तीचा कागद मी पुढे केला.

ग्रंथपाल समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांना रसायन येत नसावं, पण ते प्रत्येक शब्द वाचत होते. ओठ हलत होते. शेवटी छापलेलं सरांचं नाव त्यांनी पुस्तकातल्या नावाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिलं. मग कागद घडी करून त्या पानात ठेवला.

"पेन्सिल नको," शेवटी ते म्हणाले. "पुढचा वाचक खोडून टाकील." आणि त्यांनी आपल्या खिशातलं पेन काढून, टोपण उघडून, सरांच्या हातात दिलं.

सरांनी लिहिलं: हे चूक आहे, उजेड जस्ताचा होता. खाली सही केली. कलकत्त्याच्या दमट हवेत शाई लवकर वाळत नाही. पुस्तक लगेच मिटलं असतं तर समोरच्या पानावर डाग पडला असता. म्हणून ती वाळेपर्यंत आम्ही तिघं ते पान उघडं ठेवून बसून राहिलो.